साठवणुकीतून देणगी मागताना

प्रश्न : अंध विद्यार्थ्यांसाठी ध्वनिपुस्तके तयार करणाऱ्या एका लहान संस्थेचा मी कोषाध्यक्ष आहे. आमचे सुमारे दीडशे नियमित देणगीदार आहेत. ते दरवर्षी ठरलेली रक्कम पाठवतात, परंतु ती रक्कम गेल्या कित्येक वर्षांत फारशी बदललेली नाही. मध्यंतरी एका ज्येष्ठ देणगीदार बाईंनी सहज विचारले, "माझ्याकडचे जुने शेअर नुसते पडून आहेत. तुमच्या संस्थेला ते चालतील का?" मला उत्तर देता आले नाही. "विचारून सांगतो," असे म्हणून मी विषय टाळला आणि त्याला आता चार महिने होऊन गेले. देणगीदारांनी आपल्या मालमत्तेतून काही द्यावे, असे त्यांना सुचवणे योग्य आहे का? मृत्युपत्राचा विषय काढला, तर आम्ही त्यांच्या मरणाची वाट पाहत आहोत असे त्यांना वाटणार नाही का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओझरती लिहून पुढे गेला आहात, म्हणून मी तिच्यापासूनच सुरुवात करतो. मालमत्तेतून देण्याचा विषय आपण काढलेला नाही, तो त्या बाईंनी काढला. त्यांना तो सुचला, तो बोलताना त्यांना अवघड वाटले नाही, आणि अवघडलात ते आपण. देणगीदारांच्या भावना दुखावतील या भीतीने संस्थाचालक जो विषय वर्षानुवर्षे टाळतात, तो देणगीदारांच्या मनात पुष्कळदा आधीच आलेला असतो. त्यांना ठाऊक नसते ते एवढेच की संस्था असे काही स्वीकारते की नाही, आणि स्वीकारत असेल तर त्यासाठी कोणाशी बोलायचे.

आपल्या देणगीदारांची रक्कम का वाढत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. आपण त्यांच्याकडे दरवर्षी जे मागता, ते त्यांच्या चालू उत्पन्नातून मागता. पगारातून किंवा निवृत्तिवेतनातून घरखर्च, औषधपाणी, मुलानातवंडांचे शिक्षण हे सारे वजा झाल्यावर जे उरते, त्यातला एक भाग आपल्या वाट्याला येतो आणि तो लहानच असणार. परंतु माणसाने आयुष्यभर जमवलेले धन त्या उरलेल्या पैशांत नसते. ते घरात, जमिनीत, शेअरमध्ये, म्युच्युअल फंडांत, मुदत ठेवींत आणि सोन्यात असते. दरमहा काटकसरीने जगणाऱ्या एखाद्या वृद्ध व्यक्तीची साठवण मोठी असू शकते, आणि त्या साठवणीतला लहानसा हिस्सादेखील तिच्या आजवरच्या सर्व वार्षिक देणग्यांच्या बेरजेहून अधिक भरू शकतो. आपण तिकडे कधी बोटच दाखवले नाही, म्हणून तिने उत्पन्नातून जमेल तेवढे दिले. तेव्हा सुचवणे योग्य आहे का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध होकाराचे आहे. मात्र सुचवण्याआधी संस्थेने स्वतःची तयारी केली पाहिजे, आणि त्या तयारीविषयी मला अधिक लिहायचे आहे.

आल्फ्रेड नोबेल यांच्या मृत्युपत्राचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. २७ नोव्हेंबर १८९५ रोजी त्यांनी पॅरिसमध्ये त्यावर सही केली आणि पुढच्याच वर्षी १० डिसेंबरला त्यांचे निधन झाले. मालमत्तेचा फार मोठा भाग विकून ती रक्कम सुरक्षित रोख्यांत गुंतवावी आणि तिच्या व्याजातून पारितोषिके द्यावीत, अशी त्यांची इच्छा होती. परंतु हे मृत्युपत्र त्यांनी वकिलाच्या मदतीवाचून लिहिले होते, आणि ज्या संस्थांनी पारितोषिके द्यायची होती त्यांना आधी विचारलेही नव्हते. परिणामी नातेवाइकांनी हरकत घेतली, त्या संस्थांची संमती मिळवण्यात काळ गेला, आणि पहिली पारितोषिके दिली जाण्यास १९०१ साल उजाडले. इतक्या मोठ्या इच्छेला आणि इतक्या मोठ्या धनाला जर पाच वर्षे अडखळावे लागले, तर पूर्वसूचना नसताना आलेले एखादे घर आपल्या लहान संस्थेला किती जड जाईल, याचा विचार करावा.

म्हणून विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत आपण एकच विषय ठेवावा : आपली संस्था काय स्वीकारील, काय विचारपूर्वक स्वीकारील आणि काय नाकारील. हे दोन पानांत लिहून मंजूर करून घ्यावे. लिखित धोरण असले की समोरच्या माणसाला नकार देताना तो व्यक्तिगत ठरत नाही, आणि होकार देतानाही घाई होत नाही.

यांतली सर्वांत सोपी देणगी म्हणजे बाजारात रोज खरेदी-विक्री होणारे शेअर आणि म्युच्युअल फंडांची युनिटे. त्यांची किंमत त्या दिवशी कोणालाही पाहता येते आणि विकायला वेळ लागत नाही. संस्थेच्या नावाने डीमॅट खाते (शेअर संगणकीय नोंदींच्या रूपात ठेवण्याचे खाते) उघडावे, ते कोणाच्या सह्यांनी चालेल ते ठरवावे, आणि शेअर जमा होताच ते विकून टाकायचे हा नियम आधीच करून ठेवावा. "भाव वाढेल, थोडे थांबू," हा मोह विश्वस्तांना हमखास होतो. देणगीदाराने शेअर दिले ते आपल्या कामासाठी, बाजाराचा अंदाज बांधण्यासाठी नव्हे, असे मी प्रत्येक संस्थेला सांगत आलो आहे. सोने, दागिने, चित्रे यांच्या बाबतीत स्वतंत्र मूल्यमापकाकडून किंमत करून घ्यावी आणि पावतीवर वस्तूचे नेमके वर्णन लिहावे. किंमत ठरवणारी संस्था स्वतःच आणि तिचा लाभ घेणारीही स्वतःच, असे कधीही होऊ देऊ नये.

घर आणि जमीन यांचा मामला वेगळा आहे. मी पूर्वी एका संस्थेच्या विश्वस्त मंडळावर असताना एका गृहस्थांनी मोठ्या प्रेमाने आम्हांला जमिनीचा तुकडा दिला. आम्ही भारावून गेलो आणि कागदपत्रे नीट न पाहताच आभाराचे पत्र पाठवले. नंतर कळले की त्या जमिनीवर त्यांच्या भावंडांचीही नावे होती. पुढे दावा लागला, वकिलाचा खर्च संस्थेच्या माथी आला, आणि त्या कुटुंबाचे आमच्याशी असलेले संबंध कायमचे तुटले. त्या गृहस्थांचा हेतू निर्मळ होता. चूक आमची होती, कारण त्यांना काही विचारणे आम्हांला संकोचाचे वाटले. तेव्हापासून मी स्थावर मालमत्तेविषयी काही प्रश्न आग्रहाने विचारतो. मालकी एकट्याची आहे की सामाईक? कर्ज, गहाण किंवा थकलेला कर आहे का? आत भाडेकरू किंवा अन्य कोणी राहते का? विकली जाईपर्यंत तिची देखभाल कोण आणि कशातून करणार? या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय आभाराचे पत्र लिहू नये. जमीन नाकारण्याची तयारी नसलेल्या संस्थेने जमीन मागूच नये.

आता देण्याच्या रीती. हयातीत देणे आणि मृत्युपत्राने देणे यांतला फरक देणगीदाराला स्वच्छ शब्दांत सांगितला पाहिजे, कारण निम्मी भीती या फरकाच्या अज्ञानातून येते. बक्षीसपत्र करून एकदा दिलेली वस्तू साधारणपणे परत मागता येत नाही. मृत्युपत्र मात्र माणूस शुद्धीवर आणि सज्ञान असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकतो, आणि तोपर्यंत त्याच्या मालमत्तेवरचा त्याचा हक्क यत्किंचितही कमी होत नाही. ज्याला म्हातारपणी किती पैसा लागेल याची धास्ती वाटते, त्याच्यासाठी दुसरा मार्ग अधिक सुरक्षित आहे, असे आपण मोकळेपणाने सांगावे. त्यामुळे आपल्याला आज काहीच मिळणार नसले तरी ते सांगावे. अनेक देशांत घर संस्थेला देऊन हयातभर तिथेच राहण्याचा हक्क राखून ठेवण्याचीही सोय असते, पण ती वकिलाच्या सल्ल्याशिवाय करू नये.

मृत्युपत्रात ठरावीक रक्कम लिहिण्यापेक्षा टक्केवारी लिहिणे बरे, कारण वीस वर्षांनी त्या रकमेला काय मोल उरेल हे सांगता येत नाही. त्याहून बरे म्हणजे कुटुंबीयांचे सर्व वाटे आणि देणी भागल्यानंतर जे उरेल त्यातला हिस्सा. "आधी माझी माणसे, मग संस्था," हा क्रम त्यात आपोआप राखला जातो, आणि बहुतेकांना मनातून हाच क्रम हवा असतो. जवळचे वारस नसतील किंवा ते आपल्याआधी गेले तर काय, ही चिंता असणाऱ्यांना पर्यायी तरतूद सुचवावी. जेम्स स्मिथसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२६ च्या मृत्युपत्रात आपली मालमत्ता पुतण्याला दिली आणि पुतण्या निपुत्रिक वारल्यास ती अमेरिकेला मिळावी, तिथे ज्ञानाच्या वाढीसाठी आणि प्रसारासाठी एक संस्था उभी राहावी, असे लिहून ठेवले. पुतण्या १८३५ मध्ये निपुत्रिक वारला आणि १८४६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संस्था स्थापन झाली. स्मिथसन यांनी अमेरिका कधी पाहिलीही नव्हती. मृत्युपत्रातल्या त्या एका "जर"मधून एवढे काम उभे राहिले.

उद्देशाच्या शब्दांकडेही लक्ष असावे. अमेरिकेचे मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन १७९० मध्ये वारले, तेव्हा मृत्युपत्राने त्यांनी बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १,००० पौंड दिले. उमेदवारी पूर्ण केलेल्या तरुण विवाहित कारागिरांना त्यातून कर्ज द्यावे आणि वाढत जाणारा निधी दोनशे वर्षे चालावा, अशी त्यांची योजना होती. निधी खरोखरच दोनशे वर्षे टिकला आणि १९९० मध्ये तो लक्षावधी डॉलरांचा झालेला होता. परंतु उमेदवारी करून कारागीर होण्याची पद्धतच मधल्या काळात मोडीत निघाली आणि ठरलेल्या अटींत बसणारे कर्जदार मिळेनासे झाले. आपले देणगीदार "ध्वनिपुस्तकांच्या अमुक यंत्रासाठी" असे लिहू लागले, तर त्यांना नम्रपणे विनंती करावी की "अंध विद्यार्थ्यांच्या वाचनासाठी" असे लिहावे, आणि त्या वेळी संस्था अस्तित्वात नसेल तर तशाच कामाच्या दुसऱ्या संस्थेला द्यावे, असे एक वाक्य जोडावे.

करांविषयी थोडक्यात लिहितो, कारण हे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि बदलतही असतात. कल्पना अशी : १०० ला घेतलेला शेअर आज ५०० चा झाला असेल, तर तो विकल्यावर ४०० च्या नफ्यावर कर लागू शकतो आणि उरलेलीच रक्कम देणगी होते. तोच शेअर थेट संस्थेला दिला तर काय होते, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत एक वर्षाहून अधिक काळ बाळगलेले शेअर पात्र संस्थेला थेट दिल्यास तो नफ्यावरचा कर टळतो आणि ठरावीक मर्यादेपर्यंत वजावट साधारणतः चालू बाजारभावाने मिळते. ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर वारसाकरास पात्र ठरणाऱ्या मालमत्तेचा किमान दहावा हिस्सा धर्मादाय संस्थांना ठेवल्यास कराचा दर ४० टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर येऊ शकतो. भारतात मात्र देणगीवरची प्राप्तिकर-सवलत पैशांच्या रूपाने दिलेल्या देणगीलाच मिळते, वस्तू किंवा शेअर यांच्या रूपाने दिलेल्या देणगीला मिळत नाही. त्यामुळे एका देशातील सल्ला दुसरीकडे जसाच्या तसा लागू करणे धोक्याचे आहे. देणगीदाराने आपल्या सनदी लेखापालाला विचारावे, हे वाक्य आपल्या प्रत्येक पत्रकात असू द्यावे, आणि कराची बचत हे देण्याचे कारण म्हणून पुढे करू नये. देण्याचे कारण आपले काम हेच असले पाहिजे.

नामनिर्देशनाविषयीही गैरसमज असतो. भारतात शेअर किंवा बँकेतील ठेवी यांसाठी ज्याचे नाव लावलेले असते, तो त्या धनाचा मालक होतोच असे नाही. तो ते कायदेशीर वारसांसाठी सांभाळणारा मानला जातो. म्हणून केवळ नाव लावून ठेवले की काम झाले, असे कोणा देणगीदाराला वाटत असेल, तर मृत्युपत्रही करावे लागेल हे त्याला वेळीच सांगावे.

आता आपला दुसरा प्रश्न, तो मरणाची वाट पाहण्याचा. हा संकोच आपल्या मनात आहे याचा मला आनंद वाटतो, कारण तो नसलेल्या माणसाच्या हाती मी हे काम देणार नाही. त्यावर माझा उपाय असा की कोणाकडे काय आहे, हे कधीही विचारू नये. आपल्याला कोणकोणत्या रीतींनी देता येते एवढेच सर्वांना सारखे सांगावे आणि थांबावे. वार्षिक अहवालाच्या शेवटी, पावतीच्या पाठीमागे, भेटीच्या अखेरीस एखादे वाक्य पुरे : "काही हितचिंतक आमच्या कामासाठी शेअर देतात, काहींनी मृत्युपत्रात संस्थेची आठवण ठेवली आहे. आपल्याला कधी याविषयी माहिती हवी असेल, तर अमुक व्यक्तीशी बोलावे." हे वाक्य खरे ठरावे म्हणून ते छापण्याआधी विश्वस्तांपैकी एकादोघांनी स्वतः तसे केलेले असावे. ज्याने आपल्या मृत्युपत्रात संस्थेला एक ओळ दिली आहे, तो दुसऱ्याशी बोलताना अडखळत नाही, कारण तो मागत नसतो, आपण काय केले ते सांगत असतो.

प्रत्यक्ष बोलण्यात एक हिशेब फार उपयोगी पडतो. जो माणूस तीस वर्षे नेमाने देत आला आहे, त्याला विचारावे : "आपली वार्षिक देणगी आपल्या पश्चातही चालू राहावी असे आपल्याला वाटते का?" संस्थेच्या कायमनिधीतून, म्हणजे मुद्दल न मोडता गुंतवून ठेवलेल्या निधीतून, दरवर्षी ४ टक्के खर्च होत असतील, तर वार्षिक देणगीच्या पंचवीस पट रक्कम एकदा निधीत आली की ती देणगी त्या माणसाच्या नावाने पुढेही चालू राहते. मात्र महागाईचा विचार करून निधीची वाढ खर्चाहून अधिक राहील, हे पाहण्याची जबाबदारी संस्थेची. या प्रश्नात मरणाचा उल्लेख आहे, पण त्याचा भर माणसाने आयुष्यभर पाळलेल्या नेमावर आहे, आणि म्हणून तो ऐकणाऱ्याला सहसा बोचत नाही.

काही मर्यादा मात्र कधीही ओलांडू नयेत. देणगीदाराचे मृत्युपत्र संस्थेने लिहून देऊ नये, संस्थेच्या वकिलाकडून करवून घेऊ नये, आणि संस्थेच्या कोणी साक्षीदार म्हणून सही करू नये. त्याला स्वतःचा वकील असावा. शक्य असेल तिथे मुलांना किंवा जवळच्या नातलगांना हे आधी कळावे, असे देणगीदाराला सुचवावे. काही कायद्यांत वारसांचा वाटा राखूनच ठेवलेला असतो : फ्रान्समध्ये मुलांचा हिस्सा मृत्युपत्राने डावलता येत नाही, आणि मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात मृत्युपत्राने देता येणारा भाग सामान्यतः एक तृतीयांशापुरता असतो. एखादी वृद्ध व्यक्ती एकटी असेल, गोंधळलेली दिसत असेल, किंवा सगळेच देऊन टाकण्याची भाषा करीत असेल, तर तिला थांबवणे हे आपले कर्तव्य आहे. "आधी आपल्या औषधोपचाराची आणि राहण्याची तरतूद करा, आम्ही कुठे जात नाही," हे आपण मनापासून म्हणावे आणि पुन्हा विषय काढू नये. संस्थेचा निधी त्यामुळे लहान राहिला तर राहू द्यावा.

ज्यांनी आपल्याला मृत्युपत्रात लिहिले आहे असे कळवले, त्यांचे आभार आजच मानावेत, ते हयात असताना. त्यांना नवे ध्वनिपुस्तक ऐकवावे, विद्यार्थ्यांना भेटवावे, आणि त्या भेटीत पैशांचा विषय काढू नये. अंदाजपत्रकात मात्र या आश्वासनांची रक्कम कधीही धरू नये. ती केव्हा येईल आणि येईल की नाही, हे कोणाला ठाऊक नसते. आणि आलीच, तर एकदाच येणाऱ्या त्या पैशातून पगारासारखा दरवर्षीचा खर्च भागवू नये. तो कायमनिधीत जावा की नव्या ध्वनिमुद्रण कक्षासाठी वापरावा, हेही पैसा येण्याआधीच त्या दोन पानांत लिहिलेले असावे.

या सगळ्यासाठी काही महिने लागतील. परंतु त्या बाईंना आणखी थांबवू नका. येत्या आठवड्यात त्यांना भेटा आणि आधी उशिराबद्दल क्षमा मागा. मग सांगा : "होय, शेअर आम्हांला चालतील. आम्ही संस्थेचे डीमॅट खाते उघडत आहोत. तोपर्यंत आपण आपल्या लेखापालांना एकच गोष्ट विचारा : शेअर तसेच दिलेले बरे, की विकून पैसे दिलेले बरे?" जाताना संस्थेचे नोंदणीपत्रावरचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता एका कागदावर स्वच्छ लिहून न्या, म्हणजे त्यांच्या वकिलाला किंवा लेखापालाला ते विचारावे लागणार नाही. आणि जमल्यास त्यांना एवढे जरूर विचारा की ते शेअर त्यांनी कधी आणि कशासाठी घेतले होते. ती हकीकत निवांत बसून ऐका.